बेटावरची सुट्टी कुणाची?

उन्हाळा जवळ आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या निळ्या होतात. अंदमान, बाली, मॉरिशस, मालदीव. सहा दिवस, पाच रात्री, नाश्ता-जेवणासह, पैसे हप्त्यांनी भरायची सोय. चित्र ठरलेलं असतं. निळंशार पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेला माड आणि त्याच्या सावलीत पाठमोरी बसलेली एकटी बाई. आजूबाजूला कुणीही नाही. मासळी सुकत घातलेली नाही, जाळं दुरुस्त करणारं कुणी नाही, पोरंबाळं नाहीत, कुत्रं नाही, केरकचरा नाही. ज्यांनी कोकणातला एखादा खराखुरा किनारा पाहिला आहे, त्यांना हे चित्र पाहून पहिला प्रश्न हाच पडायला हवा, की इथली माणसं गेली कुठे?

मी घरकामगार बायकांबरोबर काम करते. आम्हा कार्यकर्त्यांमध्ये अशा जाहिरातींचा विषय निघाला, की तो दोन मिनिटांत संपतो. 'चंगळवाद' हा एक शब्द उच्चारला की झालं. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. आमच्या वस्तीतल्या बायकांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हाच माड आणि हाच समुद्र असतो. तिथे जायची त्यांची ऐपत नाही आणि कधी होईल असंही नाही. तरी महिना उलटला तरी ते पान फाडलं जात नाही. मग ही ओढ कसली आहे?

मला वाटतं, बेट माणसाला ओढतं ते तिथे काय आहे म्हणून जितकं, तितकंच तिथे काय दिसत नाही म्हणून. तिथे काम दिसत नाही. जमीन कुणाची आहे ते दिसत नाही. शेजारी, सासर, भाऊबंदकी, कोर्टकचेरी, रांगा काही दिसत नाही. आणि हे न दिसणं निसर्गाने दिलेलं नाही. ते कुणीतरी घडवलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते बायकांच्या जिवावर घडलेलं आहे.

समुद्र आणि माड सुंदरच असतात, त्यात घडवण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. तर आपल्याच भाषेत पाहा. अंदमानच्या समुद्राला आपले पणजोबा 'काळं पाणी' म्हणत. पाणी तेच, वाळूही तीच. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली आणि त्या बेटांचं नाव काढलं की घरात रडारड होत असे. आज मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने अंदमानला जातात, सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहतात आणि दुसऱ्या दिवशी बोटीतून प्रवाळ बघायला निघतात. त्यात चूक काही नाही. पण सेल्युलर जेल बांधून झाला १९०६ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून त्या वसाहतीत बायका कैदी होत्या. नवऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खुनाचा आरोप असलेल्या पुष्कळ. काही वर्षं शिक्षा भोगून झाली, की 'चांगल्या वर्तणुकीच्या' पुरुष कैद्यांसमोर त्यांना रांगेत उभं करत आणि पुरुष त्यांतली एक बायको म्हणून निवडत. वसाहत स्थिर व्हावी म्हणून सरकारने काढलेली ही युक्ती.

सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला १८८१ साली नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली आणि काळं पाणी नशिबी आलं, पुढे तीही शिक्षा कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतलं, त्याचा संताप येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, ते १८८२ मध्ये छापलं गेलं. आपण ज्या पुस्तकापासून आपली परंपरा मोजतो, त्याच्या मुळाशी असलेल्या खटल्यात हे असं एक उष्ण कटिबंधातलं बेट उभं आहे. मी आजवर पाहिलेल्या एकाही सहलीच्या पत्रकात या बायका नाहीत.

मॉरिशसचंही तेच. १८६७ च्या सुमारास तिथे हिवतापाची अशी साथ आली, की हजारो माणसं मेली आणि ज्यांना परवडलं ते पोर्ट लुई हे बंदर सोडून वरच्या थंड गावांत राहायला गेले. किनारा ही तेव्हा मरणाची जागा होती. हिवताप आटोक्यात आला १९४९ नंतरच्या डीडीटी फवारणीने. उन्हात अंग रापवणं ही गोऱ्यांची फॅशनही १९२० च्या आसपासची, तोवर त्यांच्या बायका छत्री आणि हातमोजे घालून बसत. पुढे मोठी विमानं आली. म्हणजे 'निसर्गरम्य' किनाऱ्याला औषध, विमान आणि फॅशन एवढं सगळं लागलं.

पण चित्र त्याच्या आधीच तयार होतं, आणि त्यातली बाईसुद्धा. ती कुठून आली हे सांगण्यासाठी थोडं लांब, पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर जावं लागेल.

जून १७६७ मध्ये सॅम्युअल वॉलिस हा इंग्रज कप्तान 'डॉल्फिन' जहाज घेऊन ताहितीला पोचला. सुरुवातीलाच चकमक झाली, जहाजावरच्या तोफा होड्यांवर आणि किनाऱ्यावर चालल्या, माणसं मेली. त्यानंतर तिथल्या लोकांनी सलोखा केला. मग लोखंडी खिळ्याच्या बदल्यात बायका असा व्यवहार सुरू झाला आणि खलाशांनी जहाजाचे इतके खिळे उपसले, की जहाजाचीच काळजी वाटू लागली. दहा महिन्यांनी, एप्रिल १७६८ मध्ये, बुगँव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी तिथे आला. आपल्या अंगणातली बोगनवेल याच्याच नावाची. तो तिथे जेमतेम दहा दिवस राहिला. स्वागत पाहून त्याने त्या बेटाला प्रेमदेवतेच्या ग्रीक बेटाचं नाव दिलं, आणि १७७१ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनाने सगळ्या युरोपला पटवलं, की दूर समुद्रात एक असं बेट आहे जिथे पाप नाही, कष्ट नाहीत आणि बायका आपणहून येतात. आधीच्या वर्षीच्या तोफांचा त्या स्वागताशी काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ सर्ज चेर्केझॉफ यांनी बुगँव्हिलच्या सहप्रवाशांच्या रोजनिशा पुन्हा वाचल्या. त्यांत वडीलधाऱ्यांनी पुढे ढकललेल्या अगदी लहान मुली आहेत, आणि त्या रडताहेत. २००४ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्या रडणाऱ्या मुली आहेत.

याच जहाजांवर आणखी एक बाई होती, तिचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जान बारे. कॉमेरसॉं नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाची ती मदतनीस. फ्रेंच नौदलाच्या जहाजावर बाईला मज्जाव, म्हणून पुरुषाच्या वेशात आलेली. डोंगरदऱ्यांतून झाडंझुडपं गोळा करण्याचं पाठ मोडणारं काम तिने केलं. बुगँव्हिलच्या म्हणण्याप्रमाणे ताहितीच्या किनाऱ्यावर तिचं बाईपण उघडकीला आलं. जहाजावरच्या इतर काहींच्या नोंदी वेगळी आणि जास्त भयंकर हकिकत सूचित करतात, ज्यात तिला उघडं पाडणारे तिचेच सहप्रवासी आहेत. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ही पहिली ज्ञात स्त्री. बेटांच्या रम्य कथेत तिला जागा नाही, कारण ती तिथे काम करत होती.

पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. १८९१ मध्ये पॉल गोगँ हा चित्रकार ताहितीत आला, वय त्रेचाळीस. तिथे त्याने जिला 'बायको' केलं ती तेहामाना साधारण तेरा वर्षांची होती. त्याच्या चित्रांतल्या त्या शांत, गप्प, फळांचं ताट धरलेल्या मुली आज जगभरच्या हॉटेलांच्या भिंतींवर आहेत. चित्रं थोर असतील. मी त्यावर बोलायला अधिकारी नाही. तेरा वर्षांच्या मुलीवर बोलायला मात्र आहे.

जान बारे आणि कॉमेरसॉं १७६८ मध्येच मॉरिशसला उतरून राहिले. तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं. त्याच सुमारास बर्नार्दँ द सँ-पियेर नावाचा एक फ्रेंच इंजिनिअरही तिथे होता. त्याने १७८८ साली लिहिलेली 'पॉल आणि व्हर्जिनी' ही कादंबरी बेटावरच्या निष्पाप प्रेमाची युरोपातली लाडकी गोष्ट ठरली. शेवटी व्हर्जिनीचं जहाज किनाऱ्याजवळ फुटतं. खलाशी तिला कपडे काढून पाण्यात उडी मारायला सांगतो. ती लाजेने नकार देते आणि बुडून मरते. लेखकाला यात सद्गुणाचा विजय दिसतो! (आपल्याकडच्या पतिव्रतांच्या गोष्टी वाचून वाढलेल्या आपल्याला हा साचा परका नाही.) म्हणजे एका बेटावर बाई आपणहून कपडे काढते म्हणून ते स्वर्ग, आणि दुसऱ्यावर मरेपर्यंत काढत नाही म्हणून ते स्वर्ग. बाई गोरी की सावळी, एवढाच काय तो फरक.

मला या कादंबरीतला दुसरा प्रसंग जास्त बोलका वाटतो. मालकाच्या छळाला कंटाळून पळालेली एक गुलाम बाई व्हर्जिनीच्या दारी येते. व्हर्जिनी तिला खाऊ घालते, कळवळते आणि मालकाची क्षमा मागायला म्हणून तिला परत मालकाकडेच नेऊन पोचवते. पुढे त्या बाईला शिक्षा होतेच. आम्ही घरकामगारांचे प्रश्न घेऊन सोसायट्यांच्या बैठकांना जातो, तेव्हा अशा कनवाळू व्हर्जिनी आम्हाला दर मजल्यावर भेटतात.

खरं मॉरिशस गुलामांच्या कष्टावर उभं राहिलं. नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा कडा समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे लपत. तिथली लोकस्मृती अशी, की १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई आले, तेव्हा धरायलाच आले असं समजून कड्यावरच्या माणसांनी खाली उड्या टाकल्या. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. त्याच्या पायथ्याशी महागडी हॉटेलं आहेत आणि लग्नाचे फोटो काढायला तो कडा पार्श्वभूमी म्हणून फार चांगला दिसतो.

गुलाम सुटले तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर आणले. १८३४ पासून जवळपास साडेचार लाख माणसं तिथे उतरली. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजं जात, आणि त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसं होती. त्यांच्या पणतवंडांच्या घरी आजही गणपती बसतो आणि त्यापुढे झाकरी होते. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी आहे. म्हणून मराठी मधुचंद्राचं जोडपं मॉरिशसच्या हॉटेलात उतरतं, तेव्हा त्यांची खोली झाडणारी बाई कोकणातून गेलेल्या एखाद्या करारबद्ध बाईची खापरपणती असणं अगदी शक्य आहे. दोघींना एकमेकींशी बोलायला मात्र सवड नसते.

उसाचे दिवस ओसरले तशी साखरेच्या मोठ्या घराण्यांनी आपली जमीन आणि भांडवल हॉटेलांकडे आणि परदेशी श्रीमंतांसाठीच्या बंगल्यांकडे वळवलं. त्या बंगल्यांची सरकारी योजना २००२ ची. कायद्याने मॉरिशसचा किनारा भरतीच्या रेषेपर्यंत सार्वजनिक आहे. पण मागची जमीन भाडेपट्ट्याने हॉटेलकडे गेली, की किनाऱ्यावर जायची वाट बंद होते, पहारेकरी उभा राहतो आणि वाळूवर बसलेल्या कोळणीला आपणच घुसखोर असल्यासारखं वाटू लागतं. 'आमचे किनारे चोरणं थांबवा' अशा अर्थाचं क्रिओल नाव घेतलेली लोकांची एक चळवळ तिथे याविरुद्ध उभी राहिली आहे.

किनारा रिकामा दिसावा म्हणून काय करावं लागतं, याचं टोकाचं उदाहरण मॉरिशसच्याच इतिहासात आहे. चागोस बेटं. ब्रिटनने १९६५ मध्ये ती मॉरिशसपासून तोडली आणि अमेरिकेला दिएगो गार्सिया बेटावर लष्करी तळ हवा होता म्हणून १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना हाकललं. दीड-दोन हजार माणसं होती. पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या कामावर जगलेली. ही माणसं कायमची रहिवासी नाहीतच, हंगामी मजूर आहेत, असं कागदोपत्री ठरवण्यात आलं. त्यांची पाळलेली कुत्रीसुद्धा धुराने कोंडून मारली. पोर्ट लुईच्या झोपडपट्टीत येऊन पडलेल्या या बायकांना मिळालं ते धुण्याभांड्याचं काम, तेही मिळालं तर.

आणि रस्त्यावर उतरल्या त्याच. शार्लेसिया आलेक्सी, लिझेत तालात या तिथल्या पुढारी बायका. त्यांनी उपोषणं केली, ब्रिटिश कचेरीपुढे धरणं धरलं, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, कोठडीत गेल्या. १९७६ मध्ये स्थापन झालेली 'मुव्हमाँ लिबेरास्यों फाम' ही मॉरिशसची स्त्रीमुक्ती संघटना १९८१ च्या आंदोलनात त्यांच्या बरोबर होती. १९८२ मध्ये ब्रिटनला चाळीस लाख पौंड भरपाई द्यावी लागली. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, आणि मे २०२५ मध्ये ब्रिटनने सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सही केली, दिएगो गार्सिया मात्र ९९ वर्षं तळासाठी राखून. शार्लेसिया आणि लिझेत दोघीही २०१२ पर्यंत गेल्या होत्या. त्या बेटांचे फोटो तुम्ही पाहिले तर जाहिरातीतलं चित्र आणि ते, यांत फरक करता येणार नाही. तोच माड, तीच वाळू, कुणीही नाही.

आता 'बिकिनी' या शब्दाबद्दल, जाता जाता. बिकिनी हे पॅसिफिकमधलं बेट. अमेरिकेने मार्च १९४६ मध्ये तिथल्या १६७ लोकांना हलवलं आणि १ जुलैला अणुबॉम्ब टाकला. चार दिवसांनी पॅरिसमध्ये एका फ्रेंच माणसाने बायकांचा दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख बाजारात आणला आणि त्याला ते नाव दिलं. पॅसिफिकमधली स्त्रीवादी कवयित्री आणि अभ्यासक तेरेसिया तेआइवा हिने १९९४ मध्ये यावर लिहिलं, की बाईचं उघडं शरीर दाखवणारा हा शब्द बेटावरच्या उद्ध्वस्त माणसांना झाकून टाकतो. मी तो लेख एम.एस.डब्ल्यू. करताना वाचला आणि नंतर कित्येक दिवस कपड्यांच्या दुकानात तो शब्द ऐकला की दचकायचे.

मालदीवने ही विभागणी सरकारी धोरण म्हणूनच केली. १९७२ मध्ये तिथे पहिली पर्यटक-बेटं सुरू झाली, आणि मग अनेक वर्षं नियम असा, की हॉटेल निर्मनुष्य बेटावर, लोकवस्ती दुसऱ्या बेटावर. गावांत लहान अतिथिगृहांना परवानगी २००९-१० च्या सुमारास आली. हॉटेल-बेटावर कामाला जायचं तर महिनोन्‌महिने तिथेच राहायचं, म्हणून घरचे लोक मुलींना पाठवत नाहीत. त्यामुळे देशाच्या सर्वांत मोठ्या धंद्यात त्या देशाच्या बायका फार थोड्या आहेत. बाकी कामं बांगलादेशातून, भारतातून, श्रीलंकेतून आलेले मजूर करतात. बायकांना 'सुरक्षित' ठेवायचं आणि त्यांचा रोजगार काढून घ्यायचा, ही सोय आपल्याला ओळखीची आहे.

आपल्या मुली तिथे जातात त्या मधुचंद्राला. याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. समुपदेशनाला येणाऱ्या बायका लग्नानंतरचे पहिले आठ दिवस सांगू लागतात, तेव्हा कधी कधी त्या समुद्राचं वर्णनही येतं. चहूबाजूंनी पाणी. ओळखीचं कुणी नाही, परतीचं तिकीट त्याच्याकडे, पासपोर्ट त्याच्याकडे, पैसे त्याच्याकडे, आणि घरी फोन केला तर आई म्हणते, 'अगं, किती नशीबवान आहेस.' १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. सगळ्या जोडप्यांचं असं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पण एकांत ही गोष्ट दोघांना सारखी मिळते, हा समज खोटा आहे. एकाला ज्याने मोकळीक मिळते, दुसरीची त्यानेच सुटायची वाट बंद होऊ शकते.

एवढं सगळं लिहूनही माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. हे ठाऊक असलेल्या बायकांनाही बेट का ओढतं? मला स्वतःला का ओढतं?

कारण बाईला विश्रांती हवी आहे. इतकं साधं आहे ते. २०२४ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. त्यात मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, तो वेगळा. आपल्याकडे बाईची सुट्टी कुठे असते? माहेरी गेलं तरी भावजयीला हातभार लावावा लागतो. गावी गेलं तर चूल तिचीच. देवदर्शनाला गेलं तर डबे तिने करायचे. शिबिराला येणाऱ्या आपल्या बायकाही स्वयंपाक आटोपून येतात आणि पाचच्या बसकडे डोळे लावून बसतात. जिथून काहीही केलं तरी घरी पोचता येत नाही अशी एकच जागा ती कल्पू शकते, ती म्हणजे चारी बाजूंनी पाणी असलेली. कॅलेंडरवरच्या त्या पाठमोऱ्या बाईचा हेवा तिच्या पोशाखासाठी नाही, तिच्या रिकाम्या हातांसाठी आहे.

म्हणून 'चंगळवाद' म्हणून हा विषय झटकणं मला अन्यायाचं वाटतं. आपण कामाबद्दल बोललो, हिंसेबद्दल बोललो, संपत्तीच्या हक्काबद्दल बोललो. बाईच्या आरामाबद्दल आपण फार कमी बोललो, जणू तो मागणं म्हणजे चळवळीशी बेइमानी. ती मोकळी जागा बाजाराने घेतली आणि आराम पाच रात्रींच्या पॅकेजमध्ये विकायला काढला. त्या पॅकेजमधला आराम मात्र दुसऱ्या बाईच्या कमरेतून येतो. दिवसाला ठरलेल्या इतक्या खोल्या, इतक्या गाद्या उचलायच्या, इतके टॉवेल, आणि वर हसतमुख राहायचं. हे आमच्या बायकांचंच काम आहे, फक्त गणवेश आणि समुद्र वेगळा.

घरकामगारांनी पुण्यात १९८० साली संप केला तो पगाराइतकाच रजेसाठीही होता. हवाईमध्ये २०१८ साली हॉटेल कामगारांनी ५१ दिवस संप केला. त्यांत खोल्या साफ करणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांची घोषणा अशा अर्थाची होती, की जगायला एक नोकरी पुरली पाहिजे. जगातल्या सर्वांत महागड्या सुट्टीच्या ठिकाणी राहून त्या दोन-दोन नोकऱ्या करत होत्या. त्याच हवाईच्या हौनानी-के ट्रास्क या स्त्रीवादी लेखिकेने आपल्या १९९३ च्या पुस्तकात पर्यटकांना सरळ सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे येऊ नका. त्यांचा राग मला समजतो. पण तेच मी आपल्या मैत्रिणींना सांगणार नाही. चार वर्षं पैसे साठवून एखादी शिक्षिका, एखादी परिचारिका मैत्रिणींबरोबर अंदमानला जात असेल तर तिने जावं, नवऱ्याला न विचारता गेली तर अधिकच चांगलं. मात्र गावातल्या घरगुती खाणावळीत राहता येतं का हे पाहावं. खोली झाडायला येते तिला तिचं नाव विचारावं, आठवड्याची सुट्टी मिळते का, दिवसाला किती खोल्या आहेत, हेही विचारावं. जारवा लोकांच्या भागातून जाणाऱ्या रस्त्यावर माणसं बघायला जाऊ नये. त्या बायकांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत २०१२ मध्ये जगाने पाहिली आहे. आणि परत आल्यावर आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला भरपगारी रजा द्यावी, तेवढेच दिवस.

मॉरिशसमध्ये जुलै २०२० मध्ये एक मोठं मालवाहू जहाज प्रवाळावर चढलं आणि पुढच्या महिन्यात सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडलं. सरकार हलेपर्यंत लोक थांबले नाहीत. उसाचं पाचट कापडात भरून त्यांनी तेल अडवायचे लांब तरंगते पट्टे शिवले. केस तेल शोषतात म्हणून बायकांनी आपले केस कापून दिले. कोविडमुळे तेव्हा परदेशी पर्यटक नव्हते. किनाऱ्यावर होती ती तिथलीच माणसं, गुडघाभर काळ्या चिखलात.

एरवी रविवारी ती तिथे वेगळ्या कारणाने येतात. जे किनारे अजून सार्वजनिक उरले आहेत तिथे बस भरभरून कुटुंबं येतात, सुरूच्या झाडांखाली चटया पसरतात. आपल्या कोकणात असतं तेच सुरू. कुणीतरी रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ वाजवायला घेतं आणि सेगा सुरू होतो, गुलामांनी मळ्यांत जन्माला घातलेला नाच. हॉटेलांत संध्याकाळी झालरीच्या घागऱ्यात दाखवतात त्यापेक्षा हा बराच वेगळा. म्हाताऱ्या बायका कपड्यांसकट पाण्यात बसतात. मधोमध बिर्याणीचं मोठं पातेलं असतं, आणि ती बिर्याणी पहाटे कुणी केली ते विचारायला नको.